उन्हात पालथ्या थाळ्या

आमच्या गावाबाहेर माळावर एक दवाखाना हाय. वाटूरकडून गावात येताना उजव्या हाताला दिसतो. आता त्याच्या फाटकावर मोठी पाटी लागलीय, संशोधन केंद्र अशी. माझी शाळा दुसरीतच सुटली, जोडाक्षर आलं की मी थांबते. त्या पाटीवर लई वेळ थांबावं लागतं. गावातली म्हातारी माणसं अजून त्याला हवेचा दवाखानाच म्हणतात.

बांधला तो निजामाच्या काळात, क्षयाच्या रोग्यांसाठी. एका अंगाला भिंतच न्हाई असे लांब व्हरांडे, त्यात लोखंडी खाटा, आणि माळावरचं वारं. तवा औषध थोडं आणि हवा भरपूर. माणूस आला की वरीस-दीड वरीस तिथंच पडायचा. गावातलं कुणी त्या वाटंनं गेलं तर पदर नाकाला लावून जायचं.

कांताबाई तिथं आली तवा परकरात होती. तीर्थपुरीकडच्या एका बौद्ध घरातली पोर. बापानं बैलगाडीत घालून आणली, बरी झाली की न्यायला येतो म्हणला. ती बरी झाली, पण घरच्यांनी तिला परत दारात येऊ दिलं न्हाई. मंग ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात राह्यली ती राह्यलीच. माझी न् तिची ओळख गवऱ्यांवरून झाली. मी तिकडं गवऱ्या विकायला जायची, ती घासाघीस करायची. अशी घासाघीस करणारी बाई मी दुसरी न्हाई पाह्यली.

रोग्यांवर तिचा धाक होता. प्रत्येकाला एक जर्मलची थाळी मिळायची, कडेला भोक पाडलेली. बाकीच्यांच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून ती खूण. जेवलं की ज्यानं त्यानं आपली थाळी राखेनं घासायची, कढत पाण्यानं धुवायची आणि व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात पालथी घालायची. मंग कांता पळी हातात घेऊन कठड्याच्या कडेनं चालायची. प्रत्येक थाळीच्या कडेवरून बोट फिरवायची. “ओली हाय. परत घास.” सावकार असो, मजूर असो, तिच्यासमोर सगळे सारखे.

पुढं गोळ्या निघाल्या. लोक घरीच गोळ्या खाऊन बरे व्हायला लागले, खाटा रिकाम्या झाल्या. व्हरांड्यात शेळ्या बसायच्या. कांता तेवढी एका खोलीत राहून राखण करायची. आणि मंग चार-दोन वर्षांमागं शहरातून मोठे लोक आले, रंग दिला, काचा बसवल्या, मशिनी आणल्या. काही लोकांना आता ह्या रोगाच्या गोळ्या लागू होईनात, ते का, ह्याचा शोध घ्यायचा होता त्यांना. त्यासाठी गावोगावच्या माणसांची तपासणी पायजे. पण आमच्या गावातून एक माणूस त्या फाटकात जाईना. जो आत गेला त्याला रोग हाय, असंच इथं समजतात.

तिथल्या डॉक्टरीणबाई सत्यशीला. पोरगी गुणाची. तिनं ठरवलं, केंद्राच्या उद्घाटनाला गावाला जेवायला बोलवायचं. स्वयंपाक कांताबाईचा.

आदल्या दिवशी वांगी चिरताना कांता मला म्हणली, “वैनी, आजवर रोग्यांनी माझ्या हातचं खाल्लं. धडधाकट गाव एकदा जेवलं पायजे. इथं बसून जेवले, तर उद्या तपासायलाबी येतील.”

“आणि न्हाई जेवले तर?”

“तर मशिनी हायेत आणि शेळ्या हायेत.”

गाव आलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी म्हणल्यावर कोण न्हाई येणार! पहिली पंगत पत्रावळीवर उठली. दुसरीला पत्रावळी सरल्या. सत्यशीलाबाईला कोठीत जुन्या थाळ्या सापडल्या होत्या. तिनं त्या जल्दी उकळत्या पाण्यातून काढून मांडल्याबी. भोक कशाचं, हे त्या शहरातल्या पोरीला काय ठाऊक? कांता वरणाची बादली घेऊन आली तवा तिला थाळ्या दिसल्या. तोवर लोकांनाबी दिसल्या होत्या.

“अगं, ही भोकाची थाळी!” पंगतीतून कुजबूज गेली. एक उठला, दोन उठले.

त्यातला संपत म्हणला, “माझा आज उपास हाय, ध्यानातच न्हाई राह्यलं.”

मी म्हणलं, “बट्टी कुस्करीस्तोवर ध्यानात न्हवतं का रं?”

सत्यशीलाबाई धावत आली. “अहो, हा आजार भांड्यानं पसरत नाही, हवेनं पसरतो!”

“मंग हवेच्या दवाखान्यात कशाला बोलवलं आम्हाला?” मागून कुणीतरी म्हणलं, आणि आणखी चौघं उठले. काहीजण कांताच्या जातीमुळंबी उठले असतील. पण नाव थाळीचं झालं.

कांता बादली धरून उभी. मी तिला कोपरानं ढोसलं. “बोल की काही.”

“जेवायला बसलेल्या माणसाला बोलत न्हाईत,” ती म्हणली.

तेवढ्यात तातेरावाचा आवाज आला. “कांता, वरण गार करून वाढणार का?”

तातेराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. उठता उठता लोक थांबले. कांतानं वरण वाढलं, तूप वाढलं. तातेरावानं मान खाली घालून पोटभर खाल्लं. तो बसलाय म्हणून निम्मी पंगत अवघडून तशीच बसली; जेवत मात्र कुणी न्हवतं.

जेवण झालं तसा तातेराव थाळी घेऊन उठला. त्याची सून पुढं झाली, “मामा, द्या इकडं.” त्याला ऐकू गेलं न्हाई. ह्या माणसानं घरी कधी पाण्याचा तांब्या हातानं घेतलेला न्हाई. तो सरळ चुलीकडं गेला, मूठभर राख घेतली, उकिडवा बसून थाळी घासली, कढत पाणी घेऊन धुतली, आणि व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात पालथी घातली.

मंग त्याच्या ध्यानात आलं, सगळं गाव आपल्याकडं बघतंय. हात थाळीवर तसाच राह्यला. तरणा असताना तातेराव वरीसभर गावात न्हवता. हैदराबादला दुकानात कामाला गेल्तो, असं तो सांगायचा. आम्हाला ते बराबर वाटायचं.

कांता बादली ठेवून त्याच्याजवळ गेली. कडेवरून बोट फिरवलं.

“ओली हाय.”

“वाळंल की उन्हानं.”

“तवाबी हेच म्हणायचास.”

तातेराव हसला. हसता हसता ठसका लागला, तशी त्यानं मान फिरवून उपरणं तोंडाला लावलं. तेबी कांतानंच शिकवलेलं असणार.

पंगतीच्या शेवटाला गिरिजाबाई बसली होती, माझ्याहून म्हातारी. तिनं पुढ्यातली बट्टी खाल्ली. मंग चुलीजवळ जाऊन राख घेतली, आणि तिचीबी थाळी तातेरावाच्या थाळीशेजारी पालथी पडली. संपत हळूच खाली बसला. त्याचा उपास सुटला.

“कांता, भाजी आण गं!” पंगतीतून हाका सुरू झाल्या. “मामी, इकडं तूप!” कांता एका हातात बादली, दुसऱ्यात तुपाची वाटी घेऊन पळत होती. तातेराव सत्यशीलाबाईला म्हणत होता, “उद्या पहिलं मला तपासा. मंग हे येतील.”

मी शेवटच्या पंगतीला बसले. कठड्यावरच्या त्या थाळ्या बघता बघता माझा घास हातातच राह्यला. माझी सासू जन्मभर जेवली की आपली थाळी राखेनं घासून कुंपणाच्या दगडावर उन्हात पालथी घालायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई. मला वाटायचं, बाई टापटिपीची.

“कांता,” मी विचारलं, “माझी सासूबी?”

तिनं माझ्या थाळीत आणखी एक पळी वरण ओतलं. “खाऊन घ्या वैनी. बट्टी गार होऊन राह्यली.”

मी खाल्लं. राख घेतली, थाळी घासली, धुतली, गिरिजाबाईच्या थाळीशेजारी पालथी घातली. कांता आली, कडेवरून बोट फिरवलं.

“परत घासा,” म्हणली.