बोर्डावर राहिलेली ओळ

कैलासने चौदाव्यांदा दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"राहू दे भिया, खांदा उतरेल," मी म्हटलं.

"बघा ना जगताप जी, त्या दिवशी पण असंच केलं त्यानं," तो घाम पुसत म्हणाला. "मी तर हर महिन्याला चालू केलंय. रजिस्टर बघून घ्या."

इंदूरला समुद्र नाही. तरी मी चौतीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली, असं सांगितलं की लोक हसतात. पण आमच्याकडे तलाव आहेत, दोन तासांवर नर्मदा आहे आणि दर पावसाळ्यात कुठेतरी पूर आहेच. बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, शहरात मोजकेच लोक उघडतात. त्यातला मी एक. रिटायर होऊन सुदामा नगरात आरामात बसलो होतो, तेवढ्यात शहराबाहेरच्या तलावावरच्या बचाव केंद्राच्या सोनवलकर मॅडमचा फोन आला.

झालं होतं ते असं. एका दुपारी वारा सुटला आणि एका कुटुंबाची पॅडल बोट तलावाच्या सांडव्याकडे वाहत चालली. बचाव बोटीचं इंजिन सुरूच होईना. शेवटी कैलास वल्ही मारत गेला आणि सगळ्यांना सुखरूप घेऊन आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तरी चौकशी लागली. कैलास काँट्रॅक्टवरचा माणूस. ऑपरेटरचा निष्काळजीपणा असा शेरा पडला, तर त्याचं काँट्रॅक्ट पुढे चालू राहणार नव्हतं.

मॅडमना माझ्याकडून दोन गोष्टी लेखी हव्या होत्या. दोष कुणाचा? आणि नवं इंजिन कोणतं घ्यायचं, कार्बोरेटरचं की फ्युएल इंजेक्शनचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी घरूनच ठरवून निघालो होतो. कार्बोरेटर!

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारी मुठीएवढी डबी. तळाशी पेट्रोलची छोटी वाटी. वाटीतून पेट्रोल वर जातं ते जेटमधून, म्हणजे केसाएवढ्या भोकाच्या पितळी स्क्रूमधून. बस, इतकंच. बिघडला तर काठावर बसून, एक पाना आणि एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडता येतो. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाने फवारलं जातं आणि किती फवारायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. तो बिघडला की लॅपटॉपवाला माणूस बाहेरगावाहून येईपर्यंत वाट बघा.

शिवाय कार्बोरेटर मला दत्तू मिस्त्रींनी शिकवला होता. स्नेहलतागंजमध्ये त्यांचं वर्कशॉप होतं. डिप्लोमा घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा पहिला आठवडा त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. नुसतं ऐकायला बसवलं. इंजिन पेट्रोल जास्त पितंय की कमी, हे ते डोळे मिटून सांगत. काम संपलं की इंजिन बटण दाबून कधी बंद करत नसत. पेट्रोलचा पाइप काढून ठेवत आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत शेजारी उभे राहत. "वाटीतलं पिऊन संपवू दे त्याला, मग झोपेल," म्हणत. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात आवाज आधी चढायचा, मग अडखळायचा, मग शांत. त्यानंतरच आम्ही चहाला जायचो. अजून तो आवाज आठवला की मला चहाची तलफ येते.

तर मी कैलासच्या इंजिनाचा कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी तपकिरी, चिकट थर. जेट पार बुजलेला. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे असा गोंद उरतो. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये तर पाणीही शिरतं. हा थर एका दिवसात साचलेला नव्हता.

"कैलास, इंजिन बंद कसं करतोस?"

"बटण दाबून."

"आधी पाइप नाही काढत?"

"पाइप? का बरं? बोर्डावर तर असं काही लिहिलं नाही."

"कोणता बोर्ड?"

त्याने शेडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. एक, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उतरवावे. दोन, पाच मिनिटे चालवावे. तीन, बंद करून रजिस्टरमध्ये नोंद करावी. खाली सही होती. माझी.

अकरा वर्षांपूर्वी इंजिन बसवून दिलं, तेव्हा मीच तो बोर्ड रंगवला होता. तेव्हाचा ऑपरेटर दत्तू मिस्त्रींच्याच हाताखालचा. त्याला पाइप काढ म्हणून सांगणं म्हणजे अपमान झाला असता. तो रिटायर झाला आणि दोन वर्षांपूर्वी कैलास आला. त्याने माझी एकेक ओळ इमानदारीने पाळली. दर महिन्याला इंजिन चालवलं, वाटी भरलेली ठेवून बंद केलं आणि दर महिन्याला गोंदाचा एक पातळ थर चढत गेला. त्याने चालवलंच नसतं, तर कदाचित इंजिन जास्त टिकलं असतं.

मला शरम वाटली. पेट्रोल हल्ली खराब येतं, एवढंच लिहून मोकळं व्हावं, असंही क्षणभर मनात आलं. ते खोटंही नव्हतं. कैलास समोर उभा राहून रजिस्टरची पानं उलटत होता. एकही सोमवार चुकलेला नव्हता.

मॅडमच्या ऑफिसात गेलो.

"मग जगताप जी, लापरवाही ऑपरेटरचीच ना?"

"नाही मॅडम. सूचनाच अधुरी होती."

"सूचना कुणाची?"

"माझी. खाली सही पण आहे."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "हे लिहून द्याल?"

"देतो ना."

तिथेच बसून लिहून दिलं. चौतीस वर्षांत माझ्या नावावर अशी चूक लागली नव्हती.

आता राहिला दुसरा प्रश्न. पुढच्या आठवड्यात डीलरने फ्युएल इंजेक्शनचं इंजिन डेमोला आणलं. त्याला बॅटरीही नको, दोरी ओढली की लागणारी वीज स्वतःच तयार करतं. कैलासने दोरी ओढली. दुसऱ्या झटक्यात सुरू. चोक नाही, पेट्रोलचा वास नाही, कान लावायची गरज नाही. कैलासचा चेहरा खुलला. मला मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! माझ्या हातांना त्यात काही कामच नव्हतं.

पण लिहिलं ते असं. जी बोट रोज चालते आणि जिचा मालक स्वतः पाना धरतो, तिला कार्बोरेटर उत्तम. बचाव बोट वर्षाचे अकरा महिने उभीच असते आणि बाराव्या महिन्यात एका हाकेला सुरू व्हावी लागते. तिला फ्युएल इंजेक्शन द्या. शिळं पेट्रोल त्यालाही चालत नाही, पण माणसाचं विसरणं ते जास्त सहन करतं.

कैलासचं काँट्रॅक्ट पुढे चालू राहिलं. नवं इंजिन बोटीवर चढलं, जुनं साफ करून मी स्पेअरला ठेवलं. शेवटच्या दिवशी घरून पांढरा रंग आणि ब्रश घेऊन गेलो आणि बोर्डावर चौथी ओळ लिहिली. जुने इंजिन बंद करताना पेट्रोलचा पाइप काढावा व ते आपोआप थांबेपर्यंत शेजारी उभे राहावे.

कैलासने मोठ्याने वाचली. मग ड्रममध्ये जुनं इंजिन चालवून पाइप काढला. आवाज चढला, अडखळला, शांत झाला. मी चहा मागवला.

इंजिन कोणतं घ्यावं, असं लोक अजून विचारतात. मी विचारतो, ते उभं किती दिवस राहणार, आणि जवळ कोण असणार? आणखी एक शिकलो, ते उशिरा शिकलो. जे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, तेच आधी लिहून ठेवायचं असतं.

चहा पिताना कैलासने विचारलं, "जगताप जी, अजून काही राहिलंय का लिहायचं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं. पण आधी बोर्ड, काहीच माहीत नसलेल्या माणसासारखा, पहिल्या ओळीपासून वाचला. मग पुन्हा ब्रश उचलला. अजून दोन ओळी निघाल्या.