खंडेनवमीची सात मशीनं

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला पण नाही — आणि तिच्यापासून तर मी बाहेर खाल्लेला वडापावसुद्धा लपवू शकत नाही, ढेकर आला की पकडते. पण हे पोटात राहिलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर जोक मारून विषय बदलला असता. तेवढं एक मला छान जमतं.

मी नववी नापास. दोनदा. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा कमी मार्क पडले, म्हणजे बघा, अभ्यास वाढला की माझी अक्कल घटते. भाईंदरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा शिपाई आहे. झाडू, चहा, आणि सगळ्यांना हसवणं — अपने पे हँसना, म्हणजे कुणाला राग येत नाही.

लॅब सांभाळायचा जितेश. इथल्याच राई गावचा पोरगा, आजोबांचं मिठागर होतं, आता तिथं बिल्डिंग आहे. कॉन्ट्रॅक्टवर होता, दिवाळीनंतर पर्मनंट करतो असं आमच्या डिपार्टमेंटच्या सरांनी सांगितलेलं. तो एकटाच मला अडाणी समजायचा नाही. दुपारी डबा खाल्ला की बाजूला बसवून शिकवायचा. लॅबमध्ये आठ मशीनं एकत्र जोडून एकच मोठं गणित वाटून करतात — एक भाग हे मशीन, एक ते. त्यासाठी माणसानं लिहिलेला प्रोग्राम आधी कंपायलरनं, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, तयार करायला लागतो. आणि प्रत्येक मशीनमध्ये गणित भराभर करणारं जे कार्ड आहे ना, त्याचा कंपायलर वेगळा, तो मशीनच्या कंपायलरला धरून चालतो. जितेश म्हणायचा, कार्डवाला जुन्या मिस्त्रीसारखा हाय, त्याला वळखीचाच जोडीदार लागतो. नवीन कंपायलर आला की सरळ नाही म्हणतो.

एवढं मला कळायचं. कळायचं हो! तेच तर सांगतोय.

त्यानं मला त्याच्या नावाचा मशीनचा पासवर्डपण दिला होता. तो सुट्टीवर असला की मशीनं चालू-बंद करायला. "आपल्या दोघांतच ठेव," म्हणाला. लॅबचा पासवर्ड शिपायाला कोण देतं?

तर खंडेनवमी. दरवर्षी मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पूजा करतो. जितेश दुपारीच घरी गेला, तोरणं करायची होती. मी एकटा. पुसता पुसता स्क्रीनवर आलं, सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आलीय, घ्यायची का. मला वाटलं — आता हसा — आपण गाडी धुतो, नवी फुलं लावतो, मग मशीन आतून पण ताजं नको? पासवर्ड टाकला. हो, हो, हो. सात मशीनं केली. आठव्याचं विजेचं एक्स्टेंशन बोर्ड मी लायटिंगच्या माळेसाठी काढलं होतं, ते बंदच राहिलं.

दसरा झाला, दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. लॅबमध्ये काम करणाऱ्या आमच्या प्रोफेसर मॅडमचा प्रोग्राम बघायला — भरतीचं पाणी खाडीतून राईत, नवघरात कसं कसं शिरतं, ते. मॅडमची तीन वर्षं त्यात गेलेली. जितेश तर सगळ्यांना सांगत सुटायचा, आमच्या गावाचं पाणी मशीनमधे दिसतंय म्हणून.

सकाळी मॅडमनी एक ओळ बदलून प्रोग्राम परत तयार करायला घेतला. लाल अक्षरं. जितेशनं दोन मिनिटांत ओळखलं, कंपायलर कुणीतरी नवा केलाय. जुना परत आणायचा तर नेट हवं, आणि नेट त्या दिवशी गोगलगाय. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला मला अजून दिसतो.

आणि मी? हातात चहाचा ट्रे. मला माहीत होतं की आठ नंबर जुनाच आहे. लायटिंग काढ, बोर्ड लाव, तिथं प्रोग्राम तयार कर आणि बाकीच्यांना वाट. जितेशनंच शिकवलेलं. फक्त म्हणायचं होतं, "आठवर बघ." पण मग कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं माहीत. मी साखर किती टाकू विचारत फिरलो.

पाहुणे तासाभरानं गेले. प्रोग्राम संध्याकाळी चालू झाला. बघायला कोण होतं?

सरांनी मशीनमधली नोंद काढली. खंडेनवमी, दुपार, जितेशचं नाव. तो म्हणाला, मी घरी होतो. सर म्हणाले, मग पासवर्ड अजून कुणाकडे आहे? मी स्टुलावर चढून माळा काढत होतो. जितेशनं माझ्याकडे बघितलं. बोट नाही दाखवलं, नुसतं बघितलं — वाट बघत होता. सरांनीही वर बघितलं आणि हसून म्हणाले, "हा?"

मी म्हणालो, "सर, मला नववीचं गणित सुटलं नाही, मी मशीनला काय शिकवणार?"

सगळे हसले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चाललेला जोक असेल तो. मॅडमपण हसल्या, तेवढ्या टेन्शनमध्ये. जितेश नाही हसला. खाली बघून म्हणाला, "माझ्याकडूनच झालं असेल, सर."

का म्हणाला असं? मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं.

महिन्याअखेरीस त्याला सांगितलं, पर्मनंट नाही, कॉन्ट्रॅक्टपण पुढं नाही. नवीन माणूस येईपर्यंत लॅब कोण बघणार? मॅडम म्हणाल्या, हा त्याच्या बाजूला बसायचा, थोडं जमेल याला. आणि काय सांगू — मला सगळं जमायला लागलं. जुना कंपायलर नव्याच्या बाजूला ठेवायचा, कार्डवाल्याला जुन्याचा पत्ता द्यायचा, सगळं. मॅडम आल्यागेल्याला सांगतात, शिकलेला नाही पण डोकं बघा. नवीन माणूस आलाच नाही. त्या खुर्चीवर मी बसतो.

जितेशच्या शेवटच्या दिवशी सर माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाले, याला चार्ज दे. सगळ्यांसमोर. तो उठला, खुर्ची माझ्याकडे सरकवली. चाव्या दिल्या, वही दिली. सरांनी विचारलं, पासवर्ड लिहून दिलास ना?

जितेश माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला म्हाईत हाय."

आणि डबा उचलून गेला.