मले इचार

गोंदियाला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचं धुकं अजून फलाटावरच होतं. सांगलीहून एवढ्या लांब मी पहिल्यांदाच एकटी आले होते. मला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं असतात, आणि समोरच्याचं निम्मं बोलणं मी ओठांवरून वाचते. या शहरात तर जिकडेतिकडे हिंदी! रिक्षावाल्याने काहीतरी विचारलं, मी मान डोलावली आणि भलत्याच बसथांब्यावर जाऊन पोचले. तिरोड्याची बस मिळेपर्यंत दुपार झाली. खिडकीतून मात्र डोळे निवले. कापणी झालेल्या बांध्या (भाताची खाचरं), मधूनच तलाव, त्यांच्या काठाने बगळे.

अपंग माणसांनी आपलं म्हणणं आपणच कसं मांडायचं, हे शिकवणारं तीन दिवसांचं शिबिर तिरोड्याजवळच्या एका गावात होतं. शिकवणाऱ्या प्रज्ञाताई स्वतः व्हीलचेअरवर. पहिल्याच पंगतीत, भातावर लाखोळीची डाळ घेता घेता, त्यांनी नियम सांगून टाकला, "काय हवं ते स्वतः सांगायचं. आणि दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही."

माझ्या जोडीला आली वंदना. दवनीवाड्याकडच्या खेड्यातली, बावीस-तेवीस वर्षांची. जन्मापासून हात आखडलेले, जीभ जड. एकेक शब्द काढायला तिला अख्खा चेहरा कामाला लावावा लागे, त्यामुळे तिचे ओठ मला वाचता येईनात. सोबत आलेला तिचा थोरला भाऊ राजू लगेच मदतीला धावला, "ते म्हणून राहिली का..."

वंदनाने मांडीवर हात आपटला. "तू... चूप!"

राजू ओशाळून बाजूला झाला. मग आम्ही दोघींनीच वाट काढली. तिने एक शब्द म्हणायचा, मी तो परत म्हणायचा, चुकला तर तिने मान हलवायची. सकाळभर खपून एक वाक्य हाती आलं: "मले डोंग्यात बसाचं हाय." डोंगा म्हणजे मासेमारीची अरुंद होडी. मला तर परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं!

शेवटच्या दिवशी सगळे बोदलकसा तलावावर गेलो. भोवती जंगलाच्या टेकड्या आणि मधे एवढं मोठं पाणी की बघतच राहावं. काठावर एक म्हातारे मासेमार काका जाळं आवरत होते. वंदना राजूच्या आधाराने त्यांच्याजवळ जाऊन दगडावर बसली आणि मानेनेच त्यांचा डोंगा दाखवला.

काकांनी राजूलाच विचारलं, "हे पोरगी बसन काय डोंग्यात? पडली तं?"

"नाही काका, आमी काठावरच बसतो," राजू म्हणाला.

"मले... इचार," वंदना म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणून राहिली हे?"

मला कळलं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हणाले, "तिलाच विचारा ना."

काका जाळं खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवे बसले. "बोल माय."

"जाकीट... दे. मी... धरून... बसन. हळू... चालव."

"डोंगा डोलते. भेव लागन."

"लागू... दे!"

काका खो खो हसले. शिबिराच्या गाडीतून तरंगायची जाकिटं आली आणि मीही डोंग्यात चढले. यंत्रं भिजू नयेत म्हणून काढून डबीत ठेवली, तसं जग एकदम गप्प झालं. वंदना फळीची कड कोपरात घट्ट धरून बसली होती. मधोमध डोंगा कलला आणि मी दोन्ही हातांनी फळी पकडली. ती मात्र तोंडभर हसत होती. काठाकडे बघून काही म्हणाली. तीन दिवसांत तिचे ओठ मला थोडे वाचता येऊ लागले होते. मी एकेक शब्द परत म्हटला: "दादा... भेवला!" खरंच, राजू गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता.

उतरल्यावर मी यंत्रं कानात घातली, तेवढ्यात त्याने तिला विचारलं, "भेव लागला काय वं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहिला.

"लागला. पुन्हा... जाऊ."

सांगलीला परतल्यावर जो तो विचारतो, तिथल्या नागझिरा अभयारण्यातला वाघ पाहिला का? नाही पाहिला. समोरच्याला "थांब, मी बोलतेय" म्हणणं शिकता येतं, एवढं मात्र पाहून आले.

परवा वंदनाचा व्हिडिओ कॉल आला. फोन तिने स्वतःच भिंतीला टेकवून ठेवला होता. गावच्या ग्रामसभेत उभी राहून तिने हापशीपर्यंत पायऱ्यांऐवजी उतार मागितला होता.

"किती वेळ लागला बोलायला?" मी विचारलं.

"लय."

"आणि लोक?"

"थांबले."

मी एवढ्या जोरात ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली.