घरी सोडणारी गाडी

शाळेत शिकवायला मी रोज पेणहून रोह्याला एसटीने जाते. वर्षभर सकाळच्या गाडीवर एकच ड्रायव्हर होता. एखादं म्हातारं माणूस चढलं, की ते सीटवर टेकेपर्यंत तो आरशात बघत थांबायचा आणि मगच गिअर टाकायचा.

एकदा वडखळला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. त्याच्या मागच्याच सीटवर बसून मी शेजारणीला मोबाईलवरची बातमी वाचून दाखवत होते. अंतराळातून परतलेल्या माणसांना काही दिवस तोल सावरता येत नाही, गाडी चालवता येत नाही, म्हणून सरकारी गाडी त्यांना घरी सोडते.

"त्या गाडीचा ड्रायव्हर नशीबवान," तो पुढे बघतच म्हणाला. "माझा पोरगा जहाजावर हाय, बाई. नऊ महिन्यांनी येतो, तेव्हा कंपनीची गाडी त्याला दारात सोडते. माणूस खरं बोलतो ते वाटेतच. घरी आला की नुसता झोपून असतो. त्याचं ते बोलणं दर वेळी दुसराच कोणतरी ऐकतो."

पुढच्या महिन्यात दोन दिवस तो दिसला नाही. तिसऱ्या दिवशी मी गाडीत चढले, तेव्हा स्वतःहूनच म्हणाला, "रजा टाकून मुंबईला गेलो होतो. कंपनीच्या गाडीत पोराच्या शेजारी बसून आलो."

"मग, बोलला का?"

"व्हय. पेणपर्यंत बोलत होता. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. रोह्यापर्यंत मी हललो नाय."