धक्का दिसला की माणसं उठतात

खाडी ओलांडताना धक्का दिसला, की होडीतली माणसं पिशव्या सावरत एकदम उभी राहतात. काल मी "बसा!" असा ओरडलो, की पलीकडच्या गावातली कुत्रीसुद्धा बसली असतील. होडीवाला हसला. "काका, चार मजली लाटा बघितलेला माणूस तुम्ही, आणि कमरेएवढ्या पाण्याला भ्यायलात?"

त्या लाटांवर दर दिवाळीला मीच एक मजला चढवतो. पण जहाजावरच्या नोकरीत माझी खरी बोबडी वळली, तेव्हा समुद्र ताटासारखा सपाट होता. समोर रबराची होडी, तिच्यात देश सोडून निघालेली माणसं खच्चून भरलेली. तीन दिवस ती तरली होती. आमचं जहाज दिसलं आणि सगळी आनंदानं आमच्याच बाजूला उभी राहिली. होडी कलली. वाचवायला आलेले आम्हीच त्यांना बुडवणार होतो! भीतीनं माणूस घट्ट बसून राहतो. उठवते ती आशा. तेव्हापासून मला आशेचीच धास्ती वाटते.

मी मराठीतच बोंब मारली, "बसा!" कोणाला कळणार? शेवटी जहाजावरून खाली सोडलेल्या शिडीच्या खालच्या पायरीवर मीच फतकल मारली. एका बाईनं माझ्याकडे पाहिलं, लेकीला ओढून मांडीत घेतलं आणि ती बसली. मग तिच्या शेजारचा बसला. मग हळूहळू सगळेच. यात मी काही वाढवलेलं नाही.

काल धक्क्यावर सगळे उतरले, तरी मी बसूनच.

"उतरा, काका."

"आधी दोर बांध."

"कधीचा बांधलाय," होडीवाला म्हणाला. फळीवर आवळलेली माझी बोटं त्याला दिसली, आणि या वेळी तो हसला नाही.