यादीतलं पहिलं कार्ड

नकाशा कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्या बाईंना सगळे समोर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘ठिणगी’. ताईंना हे ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. सव्वीस वर्षांची नोकरी त्यांनी रागावरच निभावून नेली होती. कीबोर्डवर चहा सांडला की राग, कोणी पासवर्ड लिहून पडद्याला चिकटवला की राग. वर पुन्हा ज्याच्यावर ओरडायच्या त्याचं काम आधी करून द्यायच्या, म्हणून कोणी फारसं मनावर घेत नसे.

त्या मंगळवारचा राग मात्र वेगळ्या जातीचा होता. नव्या रस्त्याचा नकाशा जाहीर होण्याआधीच बाहेर फुटला होता आणि चारच्या बैठकीत अण्णांना निलंबित करायचं ठरलं होतं. अण्णा म्हणजे कचेरीतल्या नकाशे काढणाऱ्यांत सगळ्यात जुने. माणूस इतका सरळ की रुमालाची घडीसुद्धा कोपऱ्याला कोपरा लावून घालायचा.

पुरावा ताईंनीच दिला होता. कॉम्प्युटरला नेटवर्कशी जोडणाऱ्या प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक लांबलचक नंबर मिळतो. कोणी कचेरीच्या सामाईक साठ्यातला नकाशा आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला की ताईंनी लिहिलेला छोटा प्रोग्राम त्या कॉम्प्युटरला हा नंबर विचारायचा आणि नोंदून ठेवायचा. कोणता नंबर कोणाचा, ही यादीही त्याच प्रोग्रामने दोन वर्षांपूर्वी केली होती. फुटलेल्या नकाशापुढे अण्णांचा नंबर होता. सोमवारी साहेबांनी यादी मागितली, ताईंनी तिसऱ्या मिनिटाला दिली. वर ऐकवलं, “यंत्र खोटं बोलत नाही, साहेब.”

रात्रभर मात्र काहीतरी टोचत राहिलं. मंगळवारी सकाळी त्यांनी मागच्या नोंदी उघडल्या आणि खुर्चीतून उठल्याच. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात अण्णांच्या नंबरावर एकोणीस नकाशे उतरवलेले! त्या आठवड्यात तर अण्णा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून काळा चष्मा लावून घरी पडले होते.

“अण्णांच्या खुर्चीत कोण बसतं रे?” ताई दारातूनच कडाडल्या. “लाजा वाटत नाहीत?”

“कोणी नाही हो ताई,” टंकलेखिका म्हणाली. “त्या खुर्चीत बसलं की पाठ धरते.”

“तू तुझ्यापुरतं बोल. ऊठ, मला तुझा कॉम्प्युटर बघू दे.”

तिच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवला. अण्णांचा नंबर आला. शेजारच्यावर चालवला, तोच. साडेबारापर्यंत ताईंनी चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटरांना विचारलं आणि चाळिसांनी एका सुरात अण्णांचंच नाव घेतलं.

मग त्या खाली बसल्या आणि दोन वर्षांपूर्वी विचारायचा राहिलेला प्रश्न त्यांनी विचारला: बाबा रे, तुझ्याकडे कार्डं आहेत तरी किती? कॉम्प्युटरने पाच दाखवली. एक तारेचं, एक बिनतारी, बाकीची सॉफ्टवेअरने उभी केलेली, नावापुरती. आणि यादीत सगळ्यात वर, घरून काम करायच्या सॉफ्टवेअरने बसवलेलं खोटं कार्ड. ते बनवणाऱ्यांनी सगळ्या जगाला एकच नंबर वाटलेला. ताईंचा प्रोग्राम यादीतलं पहिलं कार्ड उचलायचा आणि पुढे ढुंकूनही पाहायचा नाही.

यादी केली तेव्हा ते सॉफ्टवेअर एकट्या अण्णांकडे होतं. का, तर नवीन काहीही ताई आधी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसवून बघायच्या. अण्णा तक्रार करत नाहीत ना! म्हणून तो नंबर यादीत त्यांच्या नावावर पडला; इतरांकडे ते सॉफ्टवेअर नंतर गेलं.

ताईंनी आयुष्यात पुष्कळांना गाढव म्हटलं होतं. आरशात बघून म्हणायची ही पहिलीच वेळ.

साहेबांच्या कॉम्प्युटरवरही प्रोग्राम चालवून झाला. “हा बघा तुमचा नंबर. या हिशेबाने नकाशा तुम्हीच फोडलात.”

साहेबांनी दार लोटून घेतलं. “ताई, आवाज हळू. हे आपल्या दोघांत राहू द्या. अण्णांना संशयाचा फायदा देऊ, दुसऱ्या शाखेत पाठवू. तुमचंही नाव नको, माझंही नको.”

“संशय? कसला संशय? चूक माझी आणि बदली त्यांची? वर त्याला फायदा म्हणायचं?”

“कागद तयार झालाय हो!”

“मग मीही एक तयार करते.”

चारच्या बैठकीत अण्णांसमोर ताईंनी तो उभं राहून वाचला. प्रोग्राम माझा, चूक माझी, त्या नोंदींवरून कोणावरही ठपका ठेवता येणार नाही. खाली ठसठशीत सही. नकाशा कोणी फोडला हे त्या नोंदींतून आता कधीच कळणार नव्हतं, हेही लिहिलं होतं. साहेबांनी निलंबनाचा कागद उलटा करून ठेवला.

बाहेर आल्यावर ताई काही बोलणार, तोच अण्णा थांबले. तोंड लालबुंद झालं होतं. या माणसाला रागावलेलं कचेरीत कोणी पाहिलं नव्हतं.

“ताई, कॉम्प्युटरचं मला कळत नाही. पण यादी द्यायच्या आधी मला एकदा विचारायचं होतं. सहा पावलांवर बसतो मी. अकरा वर्षं.”



“विचारायला हवं होतं,” ताई म्हणाल्या.

“हवंच होतं,” म्हणून अण्णा टेबलाशी गेले आणि पाठ करून बसले. ताई उभ्याच राहिल्या. त्यांच्यावर कोणीतरी रागावलं होतं, आणि त्यात एक अक्षरही चुकीचं नव्हतं.