रूपालीची अर्धी बाइट

अन्याय रूपालीवर झाला. शुक्रवारी दुपारी विट्यात सिनेमाचा शो सुटला आणि त्याच संध्याकाळी झाला. करणारा आमचा चॅनेल. नाव मी बदललेलं नाही. तिनंच सांगितलं, "घाल माझं नाव. तोंड सगळ्या तालुक्यानं बघितलंय. आता नाव झाकून काय करू?"

त्या यूट्यूब चॅनेलवर मी कॅमेरा करायचे. कॉलेजात असताना संघटनेची पत्रकं लिहायचे, मग पोटासाठी कॅमेरा उचलला. चॅनेल एका खोलीचा. मालक, एडिटर, अँकर सगळं एकच माणूस. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. बातम्या कमी, उद्घाटनं आणि वाढदिवस जास्त. आणि नवा सिनेमा लागला की 'पब्लिक रिव्ह्यू'.

पब्लिक रिव्ह्यू म्हणजे थिएटरच्या फाटकात माइक घेऊन उभं राहायचं आणि बाहेर येणाऱ्याला विचारायचं, कसा वाटला? तो जे बोलतो ती बाइट. काम फार लवकर उरकावं लागतं, कारण माणसानं गाडीला किक मारली की तो थांबत नाही. दादांचा नियम होता, रडणाऱ्याला आधी धर. डोळे पुसायच्या आत.

सिनेमा प्रेमाचा. दुसरा भाग. त्याचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात बास झाली. पहिल्या भागात नवरा-बायको नुसती भांडतात. तो तिचा मोबाइल भिंतीवर फोडतो, ती त्याच्या कानाखाली वाजवते, तो तिचे केस धरून जिन्यावरून खाली ओढतो. ती निघून जाते. दुसऱ्या भागात तो दाढी वाढवून तिच्या दारात गुडघे टेकतो. ती परत जाते. गाणं लागतं, त्यात जुनी मारामारी परत दिसते. शिट्ट्या पडतात.

त्या दिवशी पहिली आली ती कॉलेजची पोरं.

"लय भारी! आईशप्पथ, रडलो गड्या."

"ह्यो पिक्चरमुळं न्हाई रडला," त्याचा दोस्त मध्येच घुसला, "ह्येला गेल्या आठवड्यात ब्लॉक केलंय तिनं!"

मग एक मावशी आल्या. डोळे लाल, पण आवाज खणखणीत.

"पोरगी लय आगाऊ दावलीय. नवऱ्यावर हात उचलती म्हंजे काय?"

"आणि त्यानं केस धरून ओढलं ते, मावशी?"

"आवं, ते पिक्चरात हाय."

"मग तिनं मारलं ते कुठंय?"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुणाची गं तू?"

हे सगळं रोजचंच. मग रूपाली आली. साधा पंजाबी ड्रेस, बरोबर चुलत बहीण. बहीण लाजून मागं सरली. रूपाली माइकसमोर उभी राहिली आणि जे बोलली ते मी शब्दाला शब्द देते, कारण माझ्याकडं ते आहे.

"सगळी शिट्ट्या मारत हुती, त्यानं गुडघं टेकलं तवा. आमच्यात पण असंच व्हायचं. मारायचा, मग रडायचा. रडला की चार दिवस बरा असायचा. मग परत सुरू. सगळ्यांला वाटतंय, तिनं परत गेलं पायजे. संसार हाय. भांडण कुणाच्यात न्हाई? पण मी गेलते की परत. त्याच्यापुढचा भाग कुणी काढत न्हाई."

हे बोलताना तिचे डोळे भरले होते. मी कॅमेरा हलू दिला नाही. आज चांगलं काम झालं, असं मनात म्हटलं.

संध्याकाळी दादांनी रील टाकली. रील म्हणजे छोटी क्लिप, मोबाइलवर अंगठ्यानं सरकवून बघतात ती. त्यात रूपालीचे भरलेले डोळे, मागं व्हायोलिन आणि एवढेच शब्द: "तिनं परत गेलं पायजे. संसार हाय. भांडण कुणाच्यात न्हाई?" वर पिवळ्या अक्षरात, 'माहेरी बसलेल्या पोरींनो, हे ऐका!'

मी ऑफिसात गेले. दादा कमेंट वाचून हसत होते.

"दादा, वाक्याचं डोकं पण कापलंय आणि शेपूट पण."

"रील केवढी असते तुला माहीत नाही का? सगळं कुठं मावणार?"

"पण ती उलटं म्हणतेय!"

"मी तिच्या तोंडात शब्द घातले का? आवाज तिचा. तोंड तिचं."

"तिला विचारलं का, असं कापू का म्हणून?"

"माइकसमोर उभी राहिली म्हणजे विचारलंच की. आणि बघ तरी, लोक रडतायत. 'याला म्हणतात संस्कार.' 'अशी सून सगळ्यांना मिळो.' तुझ्या पत्रकाखाली कुणी कधी असं लिहिलं होतं का?"

नव्हतं लिहिलं. मी गप्प बसले नाही, पण रीलही निघाली नाही. रात्री कार्डावरचं सगळं फुटेज मात्र मी माझ्या फोनमध्ये उतरवून घेतलं. कार्ड दुसऱ्या दिवशी पुसायचं असतं आणि नंतर कुणी मागितलं तर हातात काही राहत नाही.

मागणारी लगेचच निघाली. रविवारी फोन आला.

"आवं, तुमी त्या कॅमेरावाल्या ताई का?"

रूपालीचं माहेर कडेगावकडं. वडील फौजेतून निवृत्त, आता उसाची शेती. सासर विट्याजवळ, पण नवरा गलाईवाला. गलाई म्हणजे जुनं सोनं आटवून शुद्ध करायचा धंदा. आमच्याकडची माणसं त्यासाठी पार दक्षिणेपर्यंत जाऊन दुकानं टाकतात. खाली भट्टी, वर राहायची खोली, आजूबाजूला आपली भाषा कळणारं कुणी नाही. तिथं कुणी मारलं तर ओरडणार कुणाला? ती दिवाळीला माहेरी आली आणि परत गेली नाही. वडील म्हणाले होते, राहू दे, बघू.

आणि मग सासरची माणसं बैठकीला आली ती फोन घेऊनच. नवऱ्याच्या चुलत्यानं चटईच्या मधोमध फोन ठेवला आणि रील लावली.

"आमी कशाला बोलू? पोरगीच सांगतीय."

वडिलांनी विचारलं, "हे तू म्हणलीस?"

"म्हणले नाना, पण..."

"म्हणलीस न्हवं?"

फौजेतल्या माणसाला हो किंवा नाही एवढंच लागतं. ठरलं. गुरुवारी नवरा येऊन तिला घेऊन जाणार.

"ताई, ते आख्खं हाय का वो तुमच्याकडं?" तिनं विचारलं. "माझं मी सांगितलं तर कुणी ऐकंना. मोबाइलमधलं ऐकतील."

मी दादांना सांगितलं, आख्खी बाइट मी तिच्या घरी दाखवणार आहे.

"फुटेज चॅनेलचं आहे. बाहेर दिलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

"मग आजपासूनच येत नाही."

गुरुवारी सकाळी मी कडेगावला उतरून तिच्या गावात गेले. घराच्या सोप्यात सगळे बसलेले. रूपालीची बॅग दाराशी भरून ठेवलेली. नवरा चुलत्याशेजारी मान खाली घालून बसला होता. त्याच्या बोटांची नखं गलाईच्या आम्लानं पिवळी पडलेली. दिसायला गरीब माणूस. सिनेमातला दाढीवाला तरी उंचापुरा होता.

मी फोन मधोमध ठेवला. त्याच चटईवर. आख्खी बाइट लावली. गाड्यांचे हॉर्न, पोरांचा कालवा आणि त्यातून तिचा आवाज. मारायचा, मग रडायचा. रडला की चार दिवस बरा असायचा.

संपलं. मला वाटलं, झालं काम. आता कुणीतरी त्याच्याकडं वळेल आणि विचारेल, काय रं, खरं हाय का हे?

चुलते वळले. पण रूपालीकडं.

"म्हंजे थेटराच्या दारात उभी राहून नवऱ्याची अब्रू काढलीस व्हय?"

मी म्हटलं, "काका, मारलं का नाही ते आधी त्याला विचारा की."

"तुमी कोण?"

"शूटिंग करणारी."

"मग शूटिंग करा."

कोपऱ्यातून कुणीतरी फिदकन हसलं. चुलते उठले. "आमाला न्हाई पायजे असली सून. आज हितं माइकवर बोलली, उद्या तिकडं बाजारात दुकानाच्या दारात उभी राहील. सोनं कोण देईल मग ह्याला आटवायला? ठिवा तुमची तुमच्याकडं." चहा न घेता माणसं गाडीत बसली. नवरा शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला कुणी बोलायला लावलंच नाही.

असा निकाल लागला. रूपालीला जावं लागलं नाही. पण नीट बघा कशामुळं. त्यानं मारलं म्हणून नव्हे. तिनं सांगितलं म्हणून. अर्धं वाक्य ऐकून तिला संस्कारी ठरवली आणि धाडायला निघाले. आख्खं ऐकून चव्हाट्यावरची ठरवली आणि टाकून गेले. मारणाऱ्याला दोन्ही वेळा कुणी एक प्रश्न विचारला नाही.

गाडी गेल्यावर नाना तिला म्हणाले, "मला आधी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं हुतं की नाना. तुमी म्हणालासा, पोस्टिंग अवघड असली म्हणून जवान पळून येत न्हाई."

नानांनी माझा फोन उचलला. बाइट परत लावायची कशी ते त्यांना कळेना. रूपालीनं जवळ जाऊन लावून दिली. ती बॅग मग त्यांनीच आत नेऊन ठेवली.

निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "सुटले ताई. पण खरी न्हाई ठरले."

त्याच संध्याकाळी दादांचा फोन. आवाजात साखर. "अगं, बैठक मोडली म्हणे! तिला घेऊन ये. पार्ट टू करू. लोक विचारतायत, पुढं काय झालं?" मी फोन ठेवला. आख्खी बाइट तिच्या परवानगीनं माझ्या खात्यावर टाकली. ती कुणी बघेना. त्यात व्हायोलिन नाही. अर्धी मात्र अजून फिरतेय. परवा माझ्याच आत्यानं घरच्या ग्रुपवर टाकली, खाली हात जोडलेले. त्या ग्रुपवर माझी चुलत बहीण आहे. ती गौरीला माहेरी आली ती अजून गेलेली नाही.

कामातून शिकले ते एवढंच. कापणाऱ्याला शिक्षा नसते, कारण कात्री चालवतो तो एक आणि पोचवतात ते हजार. आणि ते हजार म्हणजे कुणी परके नव्हेत.

तेव्हा तुम्ही, होय, वाचताय ते तुम्हीच. पंजाबी ड्रेसमधली पोरगी, भरलेले डोळे, वर पिवळी अक्षरं. तुमच्या फोनमध्ये असेल. आत्ता काढा आणि डिलीट करा. मग ज्यानं पाठवली त्याला फोन लावा आणि सांगा, तिचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं.

आणि तुमच्या घरात एखादी पोर आली असेल, परत जात नसेल, तर फोन खाली ठेवा. तिच्यासमोर बसा. ती थांबेपर्यंत मध्ये बोलू नका.